सासरे फर्स्ट क्लास, जावई सेकंड

शातो मूटाँ रॉथशिल्ड ही फ्रान्समधल्या बोर्दोची नामांकित रेड वाइन. तिचं नाव काढलं की लोक बाटलीवरच्या चित्रांबद्दल बोलतात, मीही खाली बोलणारच आहे, पण मला त्या चित्रांपेक्षा भारी वाटतो तो त्या घराण्याचा हट्ट. एका लिस्टवरून ११८ वर्षं रुसून बसलेले लोक आहेत हे.

झालं असं की १८५३ला रॉथशिल्ड या बँकर घराण्याच्या लंडन शाखेतल्या नॅथॅनियलने बोर्दोजवळच्या पोइयाकमधली ब्रान-मूटाँ नावाची इस्टेट लिलावात घेतली आणि तिला आपलं आडनाव लावलं. दोनच वर्षांनी पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, सम्राट तिसऱ्या नेपोलियनला तिथे मांडायला बोर्दोच्या वाइन्सची प्रतवारी हवी होती, मग दलालांनी बसून बाजारभाव बघून रेड वाइन्सचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात फक्त चार नावं: लाफीत, लातूर (आपलं नव्हे), मार्गो आणि ओ-ब्रियाँ. मूटाँचा भाव जवळपास लाफीतइतकाच, तरी नाव गेलं दुसऱ्या वर्गात, सगळ्यात वर, पण दुसऱ्याच. मालक इंग्लंडचा म्हणून डावललं असं अजूनही म्हणतात. आणि त्यावर कडी म्हणजे १८६८ला नॅथॅनियलचे सासरे जेम्स, जे त्याचे सख्खे काकाही लागायचे, त्यांनी शेजारचं लाफीतच विकत घेतलं! म्हणजे बांधाला बांध लागून शेत, सासरे पहिल्या वर्गात, जावई दुसऱ्या. आपल्याकडे एवढ्यावरून तीन पिढ्या अबोला चालला असता.

पुढच्या दोन पिढ्यांनी इस्टेटीकडे फारसं बघितलंच नाही. मग १९२२ला नॅथॅनियलचा पणतू फिलिप कारभार घ्यायला आला, वय वर्षं वीस. हा माणूस एक अजब रसायन होता, रेसिंग कार चालवायचा (१९२९च्या मोनॅको ग्रां प्रीत टोपणनावाने उतरून चौथा आलाय), नाटकाचं वेड, जुन्या इंग्रजी कवितांची भाषांतरं, आणि हे सगळं करून वाइन. तोपर्यंत पद्धत अशी होती की इस्टेटीने वाइन पिंपात भरून बोर्दोच्या व्यापाऱ्याला द्यायची, पुढे तो बाटल्यात भरणार आणि विकणार, मधे त्यात काय मिसळलं कुणाला ठाऊक. फिलिपने सांगितलं की बाटली आमच्याच दारात भरली जाईल, आणि पहिल्या वर्गातल्या चौघांनाही आपल्या बाजूने वळवलं. आज आपण लेबलवर 'शातोमध्येच बाटलीबंद' वाचतो आणि पुढे जातो, पण १९२४ला ही बंडखोरीच होती. आता माल घरातच ठेवायचा तर जागा पाहिजे, म्हणून १९२६ला सुमारे १०० मीटर लांबीचं तळघरासारखं कोठार बांधलं, त्यात ओकची पिंपं रांगांनी.

१९२४चं लेबलसुद्धा त्याने जाँ कार्लू नावाच्या पोस्टर आर्टिस्टकडून करून घेतलं होतं, एकदम मॉडर्न, जुन्या लोकांना काही ते झेपलं नाही. चित्रांची परंपरा खरी सुरू झाली १९४५ला. त्या लेबलवर वर विजयाचा व्ही आहे, बस. पण त्या व्हीच्या मागे काय आहे ते बघा: रॉथशिल्ड ज्यू, दुसऱ्या महायुद्धात फिलिप फ्रान्समधून निसटून द गॉलच्या फौजेत गेला होता, आणि त्याची बायको एलिझाबेथ, जी जन्माने ज्यू नव्हतीसुद्धा, तिला नाझींच्या गेस्टापोने पकडून नेलं, ती राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत १९४५लाच वारली. त्याच वर्षाची मूटाँ गेल्या शतकातल्या सर्वोत्तम वाइन्समध्ये धरतात.

त्यानंतर दर वर्षी नवा चित्रकार. दाली, मिरो, शागाल, वॉरहॉल. मानधन पैशात नाही, वाइनच्या पेट्यांत. (मला कुणी विचारलं तर मीही काढून देईन काहीतरी.) २००९चं लेबल आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं आहे आणि नशीब बघा, २००९ हे बोर्दोचं जबरदस्त वर्ष. उलट पिकासोचं चित्र आलं १९७३ला आणि त्या वर्षीची वाइन अगदीच यथातथा.

वर्षावर्षात एवढा फरक का, तर तिथला पाऊस, पण आधी जमीन बघा. नाशिकच्या द्राक्षवाल्याला ती दाखवली तर तो म्हणेल इथे काय पिकणार, नुसते गोटे आणि वाळू. पण तेच हवंय, पाणी साचत नाही, मुळं खोल जातात, दगड दिवसा तापतात त्यामुळे उशिरा पिकणारं काबर्ने सॉव्हिन्यों जातीचं द्राक्ष तिथे नीट पिकतं, मूटाँमध्ये तेच सगळ्यात जास्त असतं. आपल्याकडे तोडणी फेब्रुवारी-मार्चला, कोरड्या हवेत. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि नेमका तेव्हाच पाऊस आला की वर्षभराची मेहनत पातळ होते. मी एकदा एका ओळखीच्यांच्या कृपेने मूटाँ घोटभर प्यायलोय, आधी काळ्या बेरीची चव आणि मग पेन्सिलला टोक केल्यावर येतो ना तो लाकडाचा वास, थेट तो. तोंडात बराच वेळ राहतो. घोटभरात मत देऊ नये खरं तर, पण आवडली.

असो, हट्टाचं राहिलंच. घराण्याचं ब्रीदच होतं, पहिला होता येत नाही, दुसरा होणं मान्य नाही, मी मूटाँ. फिलिपने दशकानुदशकं मंत्रालयांचे उंबरे झिजवले आणि १९७३ला कृषिमंत्री जाक शिराक (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) यांनी सही केली. त्या यादीत वरच्या वर्गात चढवलेली आजवरची एकटीच वाइन. ब्रीद लगेच बदललं: पहिला आहे, दुसरा होतो, मूटाँ बदलत नाही. पिकासोचं लेबल त्याच आनंदाचं.

तीन वर्षांनी, १९७६ला, पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन्स चाखल्या. रेडमध्ये पहिली आली स्टॅग्ज लीप नावाची अमेरिकन. १९७०ची मूटाँ दुसरी. फिलिपने मग कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट मोंडावी या वाइनवाल्याशी हात मिळवून तिथल्या नापामध्येच ओपस वन नावाची वाइन काढली, तिचं पहिलं वर्ष १९७९.