आधी रंग आणि क्रियापदं, मग अर्थ

आज वर्गात ‘औदुंबर’ झाली. बालकवींची आठच ओळींची कविता, पण टिपणं कशी काढायची हे शिकवायला यापेक्षा सोयीची क्वचितच सापडेल.

पहिलं वाचन पेनं खाली ठेवून. दुसऱ्या वाचनाआधी फुलस्केप पानावर कविता उतरवायची, प्रत्येक ओळीखाली दोन ओळी कोऱ्या सोडून. चोवीस ओळी होतात, एका पानात बसतात. डावीकडे सहा सेंटीमीटरचा समास आखायचा, तो फक्त प्रश्नांसाठी. ओळींमधल्या कोऱ्या जागेत शब्दांबद्दलच्या नोंदी. अर्थ आज कुठेच लिहायचा नाही. हा नियम मुलांना सगळ्यात जड जातो. ‘आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये’ ही परीक्षेची चौकट डोक्यात पक्की असते, त्यामुळे हात आपोआप ‘कवीला असे म्हणायचे आहे की’ने सुरुवात करतो आणि कविता मागे राहते.

मग रंगांना गोल. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा: सात. सहाव्या ओळीनंतर हिरवा पुन्हा येत नाही, हे गोल केल्यावरच दिसतं, नुसतं ऐकून नाही.

क्रियापदांखाली रेघ. वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. इथे हमखास गोंधळ होतो: घेऊन, झाकळुनी, टाकुनी या धातुसाधितांनाही (क्रियापदापासून बनलेले, पण वाक्य पूर्ण न करणारे शब्द) रेघा मिळतात आणि सहाची नऊ होतात. ती कंसात टाकायला सांगावीत. ‘चार घरांचे गांव’च्या ओळीत क्रियापदच नाही, तिथे मुलं शोधत बसतात. बसू द्यावं. सगळं वाहतंय, चालतंय आणि शेवटी एकजण बसलाय, हे तोपर्यंत कुणीतरी बोलतंच.

समासात आज दोन चांगले प्रश्न आले. ‘पसरी’चा कर्ता कोण, काळिमा की औदुंबर? आणि ‘बसला असला’मधला ‘असला’ म्हणजे ‘असा’ की ‘बसला असेल’? दोन्ही फळ्यावर तसेच ठेवले. उत्तर डिक्टेट केलं की समास कोरा पडतो, पुढच्या तासापासून तर कायमचा.

कवीचं चरित्र मात्र शेवटच्या पाच मिनिटांत. 1918 साली, अठ्ठाविशीही पूर्ण व्हायच्या आत, रेल्वेखाली मृत्यू. हे आधी सांगितलं की कवितेतला काळा डोह लगेच ‘मृत्यूचं प्रतीक’ होऊन बसतो आणि ‘गोड काळिमा’तल्या ‘गोड’चं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. गाईडातही तो ‘गोड’ बहुधा गाळलेलाच असतो.

अर्थ उद्या. पानाच्या तळाशी सोडलेल्या पाच ओळींत, आणि प्रत्येक वाक्यात कवितेतला निदान एक शब्द अवतरणात हवा.