पाहिली की

बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

आज सोलापुरात सात रस्त्यावरच्या कट्ट्यावर मी खोटे बोललो. खोटे फार मोठे नव्हते, त्याने कोणाचे काही बिघडले नाही, आणि ज्याच्याशी बोललो त्याने नुसती मान हलवून चहाचा ग्लास दुसऱ्या हातात घेतला. तरी जेवण झाल्यापासून दुसरे काही सुचत नाही. घरभर चिवड्याच्या पोह्यांचा भाजका वास आहे, पेढीवरून आणलेली हिशेबाची वही समोर उघडी आहे, आणि मी तिच्याकडे पाठ करून हे लिहीत बसलो आहे.

विषय निघणार होताच. काल गोव्यात फातोर्ड्याला फुटबॉलमध्ये सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर, म्हणजे भिण्यासारखे कोणी नाही. तरी चार सामन्यांत दोन गुण आणि विजय एकही नाही. २०१९ आणि २०२३ या लागोपाठच्या दोन्ही स्पर्धांना संघ पोहोचला होता, त्यामुळे या वेळी पोहोचण्याबद्दल कट्ट्यावर कोणी शंका घेतली नव्हती. आज सगळे सांत्वनाला आल्यासारखे आले आणि चहा येईपर्यंत तिथे ग्रामसभा सुरू झाली.

दादांचे म्हणणे असे की संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांना काढा आणि परदेशी प्रशिक्षक आणा. मास्तरांनी विचारले, "परदेशी म्हणजे कोण बे?" इगोर स्टिमाच पाच वर्षे होतेच. त्यांच्या हाताखाली जानेवारी २०२४ मध्ये कतारला भरलेल्या त्या २०२३ च्या आशियाई चषकात तीन सामने खेळून तिन्ही हरलो आणि गोल एकही केला नाही, मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, जूनमध्ये त्यांना घालवले. मग आले मानोलो मार्केझ. त्यांच्याकडे सुरुवातीला एफसी गोवा हा क्लब आणि देशाचा संघ अशी दोन्ही कामे एकदम दिली होती, आणि एकाच मुनिमाने दोन पेढ्यांच्या वह्या लिहिल्या की काय होते ते मला कोणी सांगायला नको. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. जूनमध्ये हाँगकाँगला भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर हरल्यानंतर तेही गेले. त्यानंतर या नोकरीसाठी १७० अर्ज आले. त्यात शावी आणि ग्वार्डिओला या स्पेनच्या नामांकित प्रशिक्षकांच्या नावाचेही ईमेल होते आणि ते बनावट निघाले, हे मास्तरांनी पुन्हा एकदा रंगवून सांगितले. खोटेपणाच्या त्या गोष्टीला सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, हे इथे नोंदवून ठेवतो.

मास्तर नंतर नेहमीप्रमाणे १९६२ सालात गेले. जकार्ताचे सुवर्णपदक, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१, डोक्याला टाके पडलेले असताना पुढे खेळून गोल करणारा जर्नैल सिंग, आणि मैदानाबाहेर हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर, कर्करोगाने पोखरलेले, जे पुढच्याच वर्षी वारले. रहीमसाहेबांचे नाव आले की मास्तरांचा स्वर आपल्या खात्यातल्या माणसाबद्दल बोलावे तसा होतो.

मी त्यानंतर बोललो, आणि बराच वेळ बोललो. म्हटले, प्रशिक्षक बदलून काय होणार? क्लबांत गोल करण्याच्या जागेवर परदेशी खेळाडू खेळतात, मग देशाला नऊ नंबरचा खेळाडू मिळणार कुठून? चाळिशीतल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावे लागते, यातच सगळे आले. आयएसएलचा, म्हणजे देशातल्या मुख्य लीगचा, मोसम कराराच्या घोळात अडकून पडला आहे. जमील यांनी २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, ऑगस्टमध्ये सूत्रे हाती घेतली आणि सप्टेंबरात मध्य आशियाच्या काफा स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आणला. अशा माणसाला अडीच महिन्यांत काढायचे तर मग कोणीच टिकणार नाही. इथपर्यंत सगळे ठीक होते आणि अजूनही माझे तेच मत आहे. पण बोलण्याच्या भरात मी पुढे गेलो. "काल दुसऱ्या अर्ध्यात आपली मधली फळी होती कुठे?" असे मी विचारले, आणि प्रत्यक्ष पाहिलेला माणूस विचारतो तसे, हात पसरून विचारले.

तेवढ्यात भाचा आला. परवा रात्री ट्रॅव्हल्सने मडगावला गेला होता, आज दुपारी परतला. अंगावर तोच निळा शर्ट, डोळे लाल, घसा पार बसलेला. मोहोळच्या घराचे गेल्या महिन्यात पुरात जे झाले त्यानंतर त्याने तिकिटाचे पैसे कुठून काढले, हे मी विचारले नाही. सीना नदीच्या पाण्याबद्दल आज लिहायचे नाही असे ठरवले आहे.

तो माझ्याजवळ बसला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "मामा, मॅच बघितली का तुम्ही?"

"पाहिली की," मी म्हणालो.

"छांगतेनं गोल मारल्यावर काय केलं?"

"टाळ्या वाजवल्या."

"आम्ही पण," तो म्हणाला आणि हसला.

सामन्याच्या १४ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने गोल केला तेव्हा मी पेढीवर टॉवेलच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या डकवत होतो. मोबाइल वाजला, १-० वाचले, बरे वाटले, मोबाइल पालथा ठेवला. मध्यंतराला पाहिले तेव्हा १-१ झाले होते. नंतर पाहिले तेव्हा १-२. मालकांनी मला थांबवून घेतले नव्हते. ते तर सातलाच घरी गेले. दिवाळीची गर्दी हे कारण लिहायला सोपे आहे, पण ते खरे नाही. मी सामना लावला नाही, कारण आपण हरणार असे मला आतून वाटत होते आणि हरताना पाहायचे नव्हते.

तासभर झाला, याच ओळीपाशी अडलो आहे. १९८६ साली शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट संचावर मॅराडोना पाहिला तेव्हापासून मी या खेळाच्या मागे आहे. अर्जेंटिनासाठी रात्रीचे साडेबारा वाजवले, ब्राझीलसाठी कामावर डुलक्या काढल्या, आणि या गावात यातले काही कोणाला सांगावे असा माणूस मिळाला नाही. पार्क मैदानावर क्रिकेटची गर्दी पाहून परतताना एकट्याने काय काय वाटून घेतले, ते आता लिहिले तर रडगाणे होईल. ते सगळे खरे असले, तरी माझ्या स्वतःच्या देशाचा सामना संध्याकाळच्या सोयीच्या वेळी होता आणि मी चिठ्ठ्या डकवत होतो. ज्यांच्यासाठी जागलो त्यांना माझी गरज नव्हती. देशाच्या संघाला तरी ती होती का, हेही मला सांगता येत नाही.

आणखी एक टोचते. कट्ट्यावरचे सगळे "हे लोक हरले" म्हणत होते, त्यांना प्रशिक्षक हवा, त्यांना लीग हवी. भाचा उठताना म्हणाला, "आपण हरलो मामा." सोळा-सतरा तास बसमध्ये काढलेल्या माणसाने तो शब्द वापरला तर तो त्याला शोभतो. माझ्या तोंडी तो वर दोन-तीनदा आला आहे, हे आताच पुन्हा वाचताना दिसले. खोडायला पेन उचलले होते, मग राहू दिले.

साडेनऊला ताईचा फोन आला. पोराच्या आवाजाचे जे झाले आहे त्याबद्दल तिने मला दहा मिनिटे झापले. पहिला फुटबॉल तूच आणून दिलास, रात्रीबेरात्री उठवून सामने तूच दाखवलेस, तुझ्याच नादाने पोरगे गोव्याला गेले. मी सगळे कबूल केले. शेवटी ती म्हणाली, "एवढंच वेड हुतं तर तू का नाही गेलास त्याच्यासंगं?" यावर मी तिला गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला सांग म्हणालो. मला त्यातल्या त्यात हसू आले, कारण तिच्या हिशेबी फातोर्ड्याला निम्मा मीच होतो.

साडेअकरा वाजले. मोबाइलवर कालचा पूर्ण सामना सापडला आहे. निकाल माहीत आहे. सोंग उई-योंगचे दोन्ही गोल, ४४ व्या आणि ५८ व्या मिनिटाचे, आज सकाळी वाचून पाठ झाले आहेत. तरी वही मिटून सामना लावला. १४ वे मिनिट आले, छांगतेने चेंडू जाळ्यात मारला, आणि मी खुर्चीत बसल्याबसल्या दोनदा टाळी वाजवली.

आतून झोपेतला आवाज आला, "काय झालं?"

"गोल."

"कोणाचा?"

"आपला."

"मग जिंकलो का?"

मी मोबाइलचा आवाज कमी केला.