चालू हाय, पण चालंना

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानाचा सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर म्हणजे गादीमागच्या कपाटातला जुना डेस्कटॉप. त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम, मारियाडीबी हा डेटाबेस आणि छपाई सांभाळायला कप्स. माल काट्यावर चढला, सौदा झाला की हमाली-तोलाई कापून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, निघते. पट्टी अडली की सगळा गाळा अडतो.

सोयाबीनच्या हंगामात काहीतरी बंद पडायचंच, आणि मला ते मुनीमजींचा फोन आल्यावरच कळायचं. म्हणून एका रात्री बॅशमध्ये वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हिसची, म्हणजे मागं सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, नावं एका यादीत, आणि प्रत्येकीला 'सिस्टिमसीटीएल इज-ॲक्टिव्ह' या कमांडनं 'चालू आहेस का' विचारायचं. चालू असेल तर एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, 0 येतो, बंद असेल तर बहुतेक 3. शून्य सोडून काहीही आलं की टेलिग्रामवर मला मेसेज. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये दर 5 मिनिटांना लावून टाकली आणि निवांत झोपलो.

दिवाळीच्या तोंडावर भर दुपारी फोन आला.

"ओ इंजिनेर, पट्टी निघंना की! काय करलालाव?"

टेलिग्राम गप्प. लॉगिन करून बघितलं तर सगळ्या सर्व्हिस ॲक्टिव्ह. मी म्हटलं, "मुनीमजी, इथं तर चालू दाखवतंय."

"चालू हाय हो, पण चालंना!"

झालं असं, की लाईट क्षणभर जाऊन आली होती. कॉम्प्युटर यूपीएसवर, प्रिंटर मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटवर. छापता छापता प्रिंटर गेला आणि कप्सनं त्या प्रिंटरची रांगच थांबवून टाकली. हा त्याचा बिघाड नव्हे, सेटिंग तशी होती. सर्व्हिस जिवंत, नवीन पट्ट्याही घेत होती, नुसती एकावर एक रचून ठेवत होती. प्रिंटरची स्थिती सांगणारी 'एलपीस्टॅट -पी' कमांड दिल्यावर समोर लिहिलेलं: डिसेबल्ड. रांग परत चालू करणारी 'कप्सइनेबल' मारल्याबरोबर तिकडून फोनमधूनच प्रिंटरची करकर ऐकू आली.

गादीवर आडत्या बसलाय म्हणजे सौदा चाललाय असं थोडंच असतं? पेपरही वाचत असेल. माझी स्क्रिप्ट नुसतं 'मालक हायत का' विचारून परत येत होती.

मग एकेकीला तिच्या कामाचंच विचारायला सुरुवात केली. छपाईसाठी एलपीस्टॅटच्या उत्तरात 'डिसेबल्ड' शोधायचं. डेटाबेससाठी आधी तो जागा आहे का विचारणारं 'मायएसक्यूएलॲडमिन पिंग' लावलं होतं, पण त्याची एक गंमत आहे: पासवर्ड चुकला, आत घेतलं नाही, तरी ते 0 देतं. दारातून कुणी खेकसलं म्हणजे घरात माणूस आहे, एवढाच त्याचा हिशेब. ते काढलं. नुसतं वाचून बघण्यातही अर्थ नाही, कारण डिस्क भरली तर वाचणं चालू राहतं आणि लिहिणं अडतं. आता एका छोट्या टेबलात दर वेळी तीच एक ओळ नव्या वेळेनं अपडेट होते आणि लगेच परत वाचली जाते.

यात एक पूर्ण संध्याकाळ फुकट गेली ती वेगळ्याच कारणानं. प्रिंटरची रांग स्क्रिप्टनंच चालू करावी म्हणून 'कप्सइनेबल' आत टाकलं. हातानं चालवली की उत्तम, क्रॉनमधून चालंना. क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडी असते आणि ही कमांड राहते 'यूएसआर-एसबिन' फोल्डरमध्ये, तिथवर क्रॉन पोचतच नव्हता. पूर्ण पत्ता लिहिला, काम झालं. हे मला माहीत होतं, याचाच जास्त राग आला.

मेसेजचा भडिमारही आवरला. आधीची स्थिती एका फाईलमध्ये ठेवतो, बदल झाला तरच मेसेज. पण मग गप्प टेलिग्रामचा अर्थ काय लावायचा? सगळं बरं आहे, की मशीनच मेलंय? म्हणून रोज सकाळी 8 ला एक मेसेज येतो: 'सगळं चालू'. तो आला नाही, तर तीच बातमी.

आणि एक दिवस नाही आला. त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं लातूर शेतात, मीही कडब्याच्या कोपीपाशी, पुढ्यात भज्जी, उंडे आणि आंबील. साडेआठ झाले तरी मेसेज नाही. रेंज शोधत बांधावर जाऊन मुनीमजींना फोन लावला.

"अहो, मोंढा बंद हाय की आज. काल जाताना मीच मेन स्विच पाडला, त्या यूपीएसचं पण बटन दाबून आलाव. उगं एकटंच कशाला जळत ठेवायचं?"