येरेवानची ‘सर्वात जुनी पोथी’: रविवारी जाऊ नका, सोमवारी तर नकोच

मातेनादरान, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीतलं, येरेवानमधलं जुन्या पोथ्यांचं संग्रहालय, रविवार-सोमवार बंद असतं. हे मला रविवारी कळलं, बंद दारासमोर उभं राहून. हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "उद्या उघडेल", म्हणून सोमवारी परत गेलो. दोन्ही वेळा जुलैची भर दुपार. मश्तोत्स रस्त्याला झाडं आहेत, पण इमारतीसमोरचा चढ आणि पायऱ्या नुसत्या तापलेल्या दगडाच्या. हरिश्चंद्रगड चढलेल्यांना हसू येईल, पण दोनदा चढून दोनदा हात हलवत उतरून बघा. मंगळवारी सकाळी दहाला जा, तेही पोटभर खाऊन.

त्याआधी विमानतळावर एकाने बॅग हातातून घेतली आणि शहरात सोडायचे १०,००० ड्राम (तिथलं चलन) लावले. रात्रीचे तीन वाजले होते, दिले. टॅक्सीच्या ॲपवर याच अंतराचे याच्या पावपट होतात. वायफायवर गाडी बोलवा, मगच दाराबाहेर या.

आता मूळ दुखणं. मला ‘पाचव्या शतकातल्या पोथ्या दाखवतो’ असं सांगून तिथे नेलं होतं. मश्तोत्सने आर्मेनियन लिपी केली ४०५च्या सुमारास. त्या शतकातलं अख्खं पुस्तक उरलेलंच नाही. आहेत ते तुकडे. नंतरच्या बांधणीवाल्यांनी जुनी, टाकाऊ झालेली चर्मपत्रं नव्या पोथीच्या आत अस्तरासारखी लावली, म्हणून ती वाचली. म्हणजे जुन्यातलं जुनं बघायचं तर पुस्तक नाही, पुठ्ठ्यालगतचं पान बघायचं. हे आधी कळलं असतं तर पहिला तास गाईडशी वाद घालण्यात गेला नसता.

‘सर्वात जुनं’ ऐकलंत की लगेच विचारा, कशात जुनं? वेहामोर शुभवर्तमान (शुभवर्तमान म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राची पोथी) सातव्या-आठव्या शतकातलं मानतात, पण त्यावर साल नाही. राष्ट्राध्यक्ष शपथ घेतात ते याच ग्रंथावर. साल लिहिलेलं इथलं सर्वात जुनं म्हणजे लाझारेव शुभवर्तमान, ८८७चं. आणि त्याहून जुनं साल असलेलं, राणी म्लकेचं, ८६२चं, ते येरेवानमध्ये नाहीच. ते व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावर, मेखितारिस्ट या आर्मेनियन भिक्षूंच्या मठात. त्यासाठी आर्मेनियाला येऊ नका.

साल ओळखायची युक्ती सोपी आहे. आपण शकात ७८ मिळवतो तसे यांच्या सनात ५५१ मिळवायचे. पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटी लेखकूने केलेल्या नोंदीत, आकडे अक्षरांनीच लिहिलेले असतात, म्हणून अक्षरांच्या किमतीचा तक्ता फोनमध्ये घेऊन जा. लाझारेवमधलं ३३६ जुळवून ८८७ काढलं तेव्हा दोन दिवसांचा सगळा राग उतरला. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. ती लिपी येरकातागिर, म्हणजे ‘लोखंडी अक्षरं’. दोन रकाने, शब्दांमध्ये जागा जवळजवळ नाही, प्रत्येक अक्षर खांबासारखं उभं. दालनात उजेड मंद असतो, चर्मपत्राला तो सोसत नाही म्हणून. वाचायचा चष्मा विसरू नका. मी विसरलो.

एचमियाजीन शुभवर्तमान ९८९चं, पण त्याचं हस्तिदंती वेष्टन सहाव्या शतकातलं. इथेही ‘पुस्तक किती जुनं’ याला दोन उत्तरं! काचेत मूळ आहे की प्रत, ते पाटीवर बघूनच भारावून जा.

एकच वस्तू बघायला वेळ असेल तर मात्र वरचं सगळं सोडा आणि मुशच्या (हे गाव आता तुर्कस्तानात) प्रवचनग्रंथासमोर उभे राहा. १२००-१२०२चा, म्हणजे सर्वात जुना मुळीच नाही, पण वजन २८ किलोच्या आसपास. १९१५ला ऑटोमन तुर्कस्तानात झालेल्या आर्मेनियनांच्या कत्तलीत दोन बायकांनी तो दोन भाग करून वाचवला. एकीने अर्धा एचमियाजीनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठात, पोचवला, दुसरीचा अर्धा तुर्कस्तानातल्या एर्झुरुमच्या मठात पुरलेला सापडला, असं सांगतात. माझी केबिन बॅग सात किलोची होती आणि ती मी दुसऱ्याला उचलायला दिली होती.

तिकीट, गाईड आणि फोटो यांचे पैसे वेगवेगळे. फोटोचे देऊ नका, काचेवर तुमचाच चेहरा येतो. गाईडचे द्या, पण आधी ‘कशात जुनं?’ हा वरचा प्रश्न विचारून.

गार्नीचं देऊळ, गेघार्दचा मठ, सेवान सरोवर दोन दिवसांत झाले, छान झाले.

परतीची टॅक्सी ॲपवर बोलावली. २,४०० ड्राम.