आतल्या रस्त्यावरची जड वाहनं: अर्जापासून फलकापर्यंत, माझा अनुभव

शिवडी-कॉटन ग्रीनच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ट्रक नवे नाहीत. हार्बर लाइनच्या पलीकडे बंदर आणि गोदामं, अलीकडे चाळी, शाळा, बाजार. रूळ ओलांडायला मोजकेच पूल, त्यातला एखादा कामासाठी बंद झाला की वाहतूक मिळेल त्या गल्लीत शिरते. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर आमच्या वळणावर अडकला की रुग्णवाहिकेला वाट उरत नाही, आणि शाळेची पोरं त्याच्या चाकांना खेटून चालतात. हे थांबायलाच हवं म्हणून आम्ही रहिवासी मंडळातर्फे अर्ज केला. तो कसा तडीस गेला ते सविस्तर लिहिते, कारण मुंबईत असे रस्ते पुष्कळ आहेत.

आधी अधिकार कोणाचा ते नीट कळायला हवं. रस्त्याची देखभाल महापालिकेची, पण कुठल्या वाहनाला कधी बंदी हे वाहतूक पोलीस अधिसूचना काढून ठरवतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये त्याची कारणं दिली आहेत: लोकांची सुरक्षितता, लोकांची सोय, किंवा त्या रस्त्याचं वा पुलाचं स्वरूप. आमचा अर्ज याच शब्दांत लिहिला. ‘फार त्रास होतो’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर कोणालाही काही करता येत नाही. ‘जड वाहन’ म्हणजे काय हेही स्पष्ट लिहिलं. कायद्यात एकूण वजन १२,००० किलोच्या वर गेलं की ते जड मालवाहू वाहन होतं. हे लिहिलं नसतं तर भाजीच्या टेम्पोवरून वाद सुरू झाला असता. मूळ अर्ज वाहतूक चौकीत, प्रत वॉर्ड ऑफिसला, दोन्हीकडे पोचेचा शिक्का.

खरं काम त्यानंतरचं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या मदतीने आम्ही गाड्यांची नोंद ठेवली: वेळ, चाकं किती, माल कुठून, जायचं कुठे. चालकांना थांबवून विचारलं. नगरकडच्या एका चालकाने सांगितलं, ‘ताई, मोबाइल दाखवतो तसं येतो. आत शिरल्यावर कळतं की वळायला जागा नाही. आम्हाला काय हौस आहे का?’ त्याचं म्हणणं मला पटलं. मोबाइलमधल्या नकाशाला गाडी मोटार आहे की पाच आसांचा ट्रेलर, हे माहीत नसतं. नोंदीतून दिसलं की निम्म्याहून जास्त गाड्यांचं आमच्या रस्त्यावर काहीच काम नव्हतं, त्या फक्त आरपार जात होत्या. उरलेल्या आतल्या गोदामांच्या.

या दुसऱ्या गटाचं काय करायचं, यावर मंडळात खूप ओढाताण झाली. बऱ्याच जणांना सरसकट बंदी हवी होती. मला ते मान्य नव्हतं. गोदामात काम करणारे माथाडी आमच्याच चाळीतले आहेत. माल आला नाही तर त्यांची मजुरी बुडते. गोदामवाल्यांच्या बैठकीत मी रात्रीची वेळ सुचवली, तेव्हा टोळीचे मुकादम म्हणाले, ‘ताई, रात्री टोळी उभी करायची तर दर वाढवून द्यायला हवा, आणि माणसं घरी कशी जाणार? शेवटची लोकल गेली की संपलं.’ शिवाय रात्री माल उतरवताना फळकुटं आपटतात, त्याने चाळ जागी होते. शेवटी दुपारची वेळ ठरली. आमची शाळा दोन सत्रांत भरते. सकाळचं सत्र सुटून दुपारचं भरलं की ते सुटेपर्यंत रस्ता मोकळा असतो. तेवढ्या वेळात गोदामाच्या गाड्या, एरवी नाही. आरपार जाणाऱ्यांना चोवीस तास बंदी.

मग पोलीस अधिकारी आणि महापालिकेचे अभियंता एकत्र पाहणीला आले. टेप लावून वळणाची रुंदी मोजली. काही रहिवाशांनी लोखंडी आडवा बार लावायची मागणी केली. अभियंत्यांनी विचारलं, ‘आग लागली तर बंब कुठून आणायचा?’ कचऱ्याची गाडीही त्याच वाटेने येते. बार बाजूला पडला, आणि ते योग्यच झालं. फलक कुठे लावायचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गल्लीच्या तोंडाशी फलक दिसला तेव्हा ट्रेलरचं तोंड आधीच आत वळलेलं असतं. मागे घ्यायचं म्हटलं तर मुख्य रस्ता तुंबतो. फलक आधीच्या चौकात हवा, जिथे चालकाला सरळ जाता येतं, आणि त्यावर बंदीबरोबर पर्यायी मार्गही हवा. तसे दोन फलक मंजूर झाले.

सुरुवातीला आदेश एका महिन्याच्या प्रयोगाचा निघाला. एक महिन्यापर्यंतच्या बंदीला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते, अशी सोय कायद्यातच आहे. त्या महिन्यात शेजारच्या दोन गल्ल्यांत ट्रक वाढले आणि तिथले लोक चिडून आमच्याकडे आले. त्यांचं बरोबर होतं. आमच्या दारातलं संकट त्यांच्या दारात ढकलून आम्हाला समाधान मिळणार नव्हतं. त्यांचे रस्ते जोडून सुधारित अर्ज दिला आणि कायमचा आदेश तिन्ही रस्त्यांसाठी निघाला.

फलकाइतकाच उपयोग आणखी एका साध्या गोष्टीचा झाला. गोदामवाल्यांनी चालकाला फक्त पत्ता सांगण्याऐवजी मोठ्या रस्त्याकडच्या फाटकाचं लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली, सोबत मराठी-हिंदीत वेळा. परगावचा चालक फलक वाचण्याआधीच बरोबर वाटेला लागतो.

आता प्रश्न उरला आहे इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी येणाऱ्या डंपरांचा आणि काँक्रीट मिक्सरचा. काँक्रीट भरलं की ते दुपारपर्यंत थांबू शकत नाही, त्यामुळे गोदामांची वेळ त्यांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज चौकीत दिला आहे, आणि त्यावर तिन्ही गल्ल्यांच्या सह्या आहेत.