कपाशीच्या शिवारफेरीला जाताय? मग बोंडं फोडूनच परत या

गुलाबी बोंडअळी बघायला आम्ही काहीजण सकाळीच कपाशीत शिरलो, आणि तुम्हीही जाणार असाल तर सकाळचीच वेळ धरा कारण तेव्हा फुलं उमलत असतात आणि डोमकळी पटकन नजरेत भरते. बाकीची फुलं उघडलेली आणि मधेच एखादं गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं, पाकळ्या अळीने धाग्यांनी बांधून टाकलेल्या. एक उलगडली तर आत बारीकशी पांढुरकी अळी, डोकं काळपट. गुलाबी रंग मोठी झाल्यावरच चढतो, त्यामुळे पांढरी दिसली म्हणून सोडून देऊ नका.

मग कामगंध सापळे बघितले, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे. एकाची काठी कलून पिशवी पानांत अडकली होती, त्यात पतंग जवळपास नाहीतच, शेजारच्यात मात्र भरपूर. सापळा शेंड्याच्या फूटभर वर हवा, पीक वाढेल तसा वर घ्यायचा आणि ल्यूर, म्हणजे आतली वासाची गोळी, वेळेवर बदलायचा. सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 पतंग आले की उपाय करायची वेळ आली समजा. पण सापळ्यात फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी नाही, म्हणून सापळा रिकामा म्हणजे शेत स्वच्छ असं धरून चालू नका.

खरी गंमत बोंडांत. बाहेरून अगदी चकाचक दिसतात, कारण अंड्यातून निघालेली अळी लगेच आत शिरते आणि ते भोक बुजून जातं, मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. नागमोडी चालत वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा, बोटाने दाबली जातील अशी, आणि तिथेच फोडा. आम्ही फोडलेल्या एकात सालीच्या आतल्या बाजूला बारीक गाठी होत्या, बोंडाच्या आतल्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि सरकी पोखरलेली. 20 पैकी 2 किडकी निघाली म्हणजे 10 टक्के, आता थांबू नका, नव्या अळ्या आत शिरायच्या आधी फवारा. फवारताना लेबलवरचंच प्रमाण घ्या, आणि सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक नको, पांढरी माशी भडकते.

जुन्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग बांधावर असेल तर तो आधी बघा, वाळलेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत महिनोन्‌महिने टिकते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून घेतलेलं पीक, तर अजिबात घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. सोबत चाकू, वही आणि एक घट्ट पिशवी ठेवा, तोडलेल्या डोमकळ्या शेतात न टाकता पिशवीत भरून बाहेर नेऊन नष्ट करायच्या.