कूपरचं पाडलेलं घर

मंगळवार, रात्री साडेअकरा

प्रशासकीय कायद्याचा, म्हणजे सरकारी यंत्रणेच्या अधिकारांना चौकट घालणाऱ्या कायद्याचा, मला आजवर नुसता वैताग होता. कराराचा कायदा घ्या, पुराव्याचा घ्या, कलमं तरी असतात; पाठ केली की परीक्षेपुरता धीर येतो. इथे सगळं निकालांतून वेचायचं. अधिकारबाह्य कृती, स्वेच्छाधिकार, दुय्यम विधान... दोन महिने वहीत नुसते शब्द उतरवतेय.

आज कूपरची केस वाचली. लंडन, 1863. पठ्ठ्यानं घर बांधायला घेतलं. बांधकाम सुरू करण्याआधी सात दिवस तिथल्या स्थानिक बांधकाम मंडळाला कळवायचं, नाहीतर मंडळ घर पाडू शकतं, असं कायद्यातच होतं. कूपर म्हणतो कळवलं, मंडळ म्हणतं मिळालंच नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलेलं घर मंडळानं पाडलं. मी समासात पेन्सिलीनं लिहूनही टाकलं, ‘मंडळ जिंकणार’. जिंकला कूपर! पाडण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं होतं, असं कोर्ट म्हणालं. कायद्यात तसं अक्षरही नव्हतं.

मग लक्षात आलं, मी चाचणीत मार कुठे खाल्ला ते. प्रत्येक उत्तरात मी ‘निर्णय योग्य की अयोग्य’ हेच चिवडत बसले होते. ते अपिलाचं काम. न्यायालयीन पुनर्विलोकनात, म्हणजे सरकारी निर्णय कायदेशीर आहे का हे तपासताना, कोर्ट बघतं, अधिकार होता का, आणि निर्णय घेतला कसा.

त्याच नजरेनं 1969 चा क्रायपाक खटला पुन्हा काढला. वनसेवेच्या निवड मंडळावरचा एक सदस्य स्वतःच उमेदवार. स्वतःच्या नावाची चर्चा निघाली तेव्हा तो बाहेर बसला, आणि मागच्या वेळी मला ते पुरेसं सभ्य वाटलं होतं! पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा साहेब आत होते, क्रमवारी लावतानाही आत. सर्वोच्च न्यायालयानं निवड रद्द केली. त्यानं खरंच पक्षपात केला, हे सिद्ध करायची गरज नव्हती. तशी रास्त शक्यता दिसली, एवढं पुरे. शिवाय ‘हे तर प्रशासकीय काम, इथे नैसर्गिक न्याय (म्हणजे बाजू ऐकून घेणं, ठरवणारा निःपक्ष असणं) कशाला’ हा बचावही तिथेच लंगडा पडला.

दुय्यम विधान, म्हणजे कायदेमंडळानं दिलेल्या अधिकारात सरकारनं केलेले नियम, अजून डोक्यावरून जातंय. ते रविवारी.

उद्या सरांना एक विचारायचंय. कूपरला बोलावलं असतं, सगळं ऐकून घेतलं असतं आणि तरीही घर पाडलं असतं, तर कोर्टानं काय केलं असतं? समासातलं पेन्सिलीचं वाक्य तोवर खोडत नाही.